३१ चं टोनर, ३५ चा प्रिंटर

आमच्या कक्षात एक मोठा, नवाकोरा प्रिंटर आहे. दोन महिने झाले, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुना टॉवेल टाकून ठेवलाय. टोनर संपलंय. योजनेत पैसे शिल्लक आहेत, टोनर समोरच्या दुकानात आहे, दुकानदार रोजच्या ओळखीचा आहे. तरी ते आणता येत नाही. कारण प्रिंटर ३५ मधून आला, टोनर ३१ मधून येतं, आणि ३१ मध्ये दमडी उरलेली नाही.

यातलं काहीच कळलं नसेल तर तुमचं काही चुकलं नाही. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या लेखा विभागात मी लागलो तेव्हा मलाही कळलं नव्हतं. बी.कॉम. झालेलो, टॅली येत होतं, वाटलं हिशेबाचंच तर काम आहे. पुढं समजलं की हिशेब हा त्यातला सोपा भाग.

३१, ३५ आणि ३६ ही केंद्र सरकारच्या अनुदानातली खर्चाची शीर्षं. ३१ म्हणजे रोजचा, वापरून संपणारा खर्च: कागद, रसायनं, प्रवास, दुरुस्ती. ३५ म्हणजे मागं काहीतरी टिकून राहील असा खर्च: यंत्र, इमारत, फर्निचर. ३६ म्हणजे पगार. मंजुरीच्या पत्रातच रक्कम या तीन शीर्षांत तोडून आलेली असते आणि एकातली दुसऱ्यात आपल्या मनानं टाकता येत नाही. टाकायची तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव करायचा, तो विभागप्रमुख, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी असा फिरून दिल्लीला जायचा आणि तिकडून होकार यायची वाट बघायची. पाच हजारांच्या टोनरसाठी एवढं कोणी करत नाही. मग टॉवेल टाकतात.

आपल्याकडं पीककर्ज बी-बियाण्यासाठी काढतात आणि त्यातलं अर्धं दवाखान्यात, पोरीच्या लग्नात जातं. गावाला माहीत असतं, सोसायटीच्या सचिवालाही माहीत असतं, परतफेड झाली की कोणी विचारत नाही. अनुदानाचं उलटं आहे. परतफेड करायचीच नाही, पण प्रत्येक रुपया ज्या कामाला आला त्याच कामाला गेला हे शेवटपर्यंत दाखवायचं. पैसा खर्च करायला वेळ लागत नाही हो. एका रुपयाला दुसऱ्या रुपयात मिसळू न देणं, हेच आमचं खरं काम. आणि ते काम कोणाच्याही नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं नसतं.

आलेला पैसा कुठं असतो?

पेपरात बातमी येते, अमुक विद्यापीठाला इतके कोटी मंजूर. दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापक मंडळी विचारायला लागतात, पैसे आले का? आता ‘आले’ म्हणजे काय, हे सांगायला अर्धा तास लागतो.

२०१३ मध्ये राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे रूसा, सुरू झालं. २०२३ पासून त्याचं नाव पीएम-उषा. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी सगळ्या देशाला मिळून १२,९२६ कोटी १० लाखांची तरतूद. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. केंद्राचे साठ आधी राज्याच्या तिजोरीत येतात, राज्य आपले चाळीस त्यात घालतं, मग शंभर एका नोडल खात्यात जातात. जुलै २०२१ मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांना असं एकच मुख्य खातं आलं आणि आमच्यासारख्या खालच्या संस्थांना त्याला जोडलेलं शून्य शिलकीचं खातं मिळालं. म्हणजे पासबुकात कायम शून्य. आम्हाला मिळते ती खर्चाची मर्यादा. तेवढ्या मर्यादेपर्यंत आम्ही देयक काढलं की त्या दिवशी पैसा वरून येतो आणि त्याच दिवशी ठेकेदाराकडं जातो.

कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पूर्वी कोट्यवधी रुपये बँकांत पडून राहायचे आणि ज्याला गरज त्याला मिळायचे नाहीत. पण हप्त्यांचा नियमही सोबत आला. एका वेळी जास्तीत जास्त चौथा हिस्सा, आणि आधी सोडलेल्यातला ७५ टक्के खर्च झाल्याचं दाखवल्याशिवाय पुढचा नाही. इमारतीचा ठेकेदार पावसामुळं दोन महिने थांबला की खर्चाचा टक्का अडतो, टक्का अडला की पुढचा हप्ता अडतो, आणि तिकडं प्रयोगशाळेतल्या मॅडमना कळत नाही की त्यांच्या यंत्राचा आणि स्लॅबच्या सेंट्रिंगचा काय संबंध. संबंध हाच की दोघं एकाच टक्केवारीत बसलेत.

देयक पीएफएमएस या केंद्राच्या पोर्टलवरून निघतं. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मग अधिकाऱ्यांची डिजिटल सही. ती सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं डोंगल. साहेब मुंबईला बैठकीला गेले आणि डोंगल ड्रॉवरमध्ये राहिलं, तर त्या दिवशी विद्यापीठ गरीब. साहेबांची बदली झाली तर नव्या साहेबांच्या नावानं सही काढणं, पोर्टलवर नोंदवणं, बँकेकडून मान्य करून घेणं, यात आठवडे जातात. मार्चमध्ये कोणाची बदली होऊ नये म्हणून लेखा विभाग जेवढी प्रार्थना करतो तेवढी त्या साहेबांच्या घरचेही करत नसतील.

एक पानाचा दाखला

खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. सगळे त्याला यूसी म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत त्याचा नमुना ठरलेला आहे, १२-अ. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत तो गेला पाहिजे. दिसायला एक तक्ता: मागची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, सरकारला परत केलेलं व्याज, यंदा आलेली रक्कम मंजुरीच्या क्रमांक-तारखेसह, एकूण, झालेला खर्च, राहिलेली शिल्लक. खाली सह्या.

त्या व्याजाच्या रकान्यापाशी नवा माणूस हमखास अडखळतो. अनुदान ज्या खात्यात ठेवलं त्यावर बँकेनं दिलेलं व्याज विद्यापीठाचं नसतं, ते केंद्राच्या संचित निधीत परत भरायचं. आता जुन्या एका बचत खात्यात तीन योजनांचे पैसे कधीकाळी एकत्र ठेवलेले असले, तर बँकेनं सहा महिन्यांनी टाकलेल्या एकाच व्याजाचे तीन भाग करायचे. कोणत्या योजनेचे किती रुपये किती दिवस खात्यात होते, ते काढायचं आणि त्या प्रमाणात व्याज वाटायचं. मी हे एकदा एक्सेलमध्ये केलं, सात वर्षांचं, रविवारी घरी बसून. बायको म्हणाली, एवढे दिवस मोजून आपल्याला किती मिळणार? म्हटलं, आपल्याला नाही, दिल्लीला.

खरेदीची गोष्ट तर वेगळीच. वस्तू सरकारी ई-बाजारावर, म्हणजे जेमवर, शोधायची. तिथं नसेल तर बाहेरून घेता येते, पण ती तिथं नाही याचाही दाखला तिथूनच काढावा लागतो. मग दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक, इतिवृत्त, पुरवठा आदेश, माल आल्यावर जडसंग्रह, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत नोंद आणि वस्तूवर रंगानं नंबर. संशोधन करायला आलेला प्राध्यापक यात कुठं असतो? तो तीन कंपन्यांच्या मायक्रोस्कोपच्या लेन्सची माहिती एका ओळीत बसेल असा तक्ता करत असतो, कारण तांत्रिक बाजू त्याच्याशिवाय कोणाला कळत नाही आणि तक्त्याशिवाय फाईल हलत नाही.

मधेच नियम बदलतो. संशोधनासाठी घेतलेल्या यंत्रांना विद्यापीठांना ५ टक्केच जीएसटी भरायची सवलत होती. १८ जुलै २०२२ पासून ती गेली आणि बहुतेक यंत्रांवर १८ टक्के लागू झाला. ज्यानं २०२१ मध्ये दहा लाखांच्या यंत्राला साडेदहा लाख मागून मंजूर करून घेतले होते, त्याच्या हातात २०२२ च्या दिवाळीला ११ लाख ८० हजारांचं बिल. वरचे एक लाख तीस हजार कुठून आणायचे? उत्तर साधं होतं, यंत्र लहान घ्या. पण लहान यंत्र घ्यायचं तर मंजूर तपशिलात बदल, म्हणजे पुन्हा प्रस्ताव.

हजर होता, एवढं लिहायला

विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२ हजार. पैसा विद्यापीठात येतच नाही, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. म्हणजे विद्यापीठाला काही काम नाही असं वाटेल.

काम असं. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर दर महिन्याला विद्यापीठानं सांगायचं की हा विद्यार्थी या महिन्यात काम करत होता. भरणाऱ्याला मेकर म्हणतात, मंजूर करणाऱ्याला चेकर. मेकर म्हणजे माझ्यासारखा, चेकर म्हणजे अधिकारी. त्याआधी मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही. घरभाड्याचा दावा वेगळा, आकस्मिक खर्चाचा वेगळा. यापैकी एका ठिकाणी गाडी थांबली की त्या महिन्याचे ३७ हजार थांबले.

एकदा हिंगोलीकडची एक मुलगी २८ तारखेला दुपारी चार वाजता दारात उभी. गाईड पेपर तपासायला दुसऱ्या गावच्या केंद्रावर गेलेले. “सर, घरमालकाला सांगितलंय पाच तारखेला देते म्हणून. मागच्या महिन्याचंबी राहिलंय.” मागच्या महिन्याचं का राहिलं म्हणून बघितलं तर मी भरलेलं होतं, चेकरकडं पडून होतं, आणि चेकर अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, तयारीत होते. कोणाचाही दोष काढता येत नव्हता. सगळे कामातच होते. तिच्या नावापुढं एक टिचकी मारायची राहून गेली होती, एवढंच. तिचं काम साहेबांच्या गाडीच्या दारापाशी उभं राहून करून घेतलं, पण त्या यादीत आणखी नावं होती आणि ती मुलं दारात आलेली नव्हती.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आल्या ही मराठवाड्यातल्या पोरांसाठी फार मोठी गोष्ट झाली, याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येकीचा नमुना वेगळा, प्रगती अहवालाची मुदत वेगळी. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या तर महाविद्यालयांचे लिपिक सांभाळतात. त्यांच्याकडं आधार जोडणीच्याच एवढ्या तक्रारी असतात की त्यावर वेगळं लिहावं लागेल.

दुष्काळ जाहीर झाला की

आता ज्या कामाबद्दल बाहेर कोणी कधीच विचारत नाही आणि जे आमच्या भागात वारंवार येतं, ते सांगतो.

सरकार दुष्काळ जाहीर करतं तेव्हा सवलतींची एक ठरलेली यादी असते. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, टँकर. त्याच यादीत एक ओळ असते, शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत. आपल्याकडचे अंबड, मंठा, धारूर, अंबाजोगाई, रेणापूर, लोहारा वगैरे त्यात होते. दहा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, आणखी १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून तिथंही सवलती दिल्या.

तारखा बघा. हिवाळी परीक्षेचे फॉर्म भरले जातात पावसाळा सरता सरता. म्हणजे आदेश येईस्तोवर शुल्क बहुतेकांनी भरलेलं असतं. आता ते परत करायचं. पैसा सरकारकडून येणार, पण किती यायचा ते विद्यापीठानं यादी करून सांगायचं. मराठवाड्याचे आठ जिल्हे दोन विद्यापीठांत चार-चार वाटलेले, १९५८ चं छत्रपती संभाजीनगरचं आणि १९९४ चं नांदेडचं. प्रत्येकाकडं शेकडो महाविद्यालयं, आणि दर महाविद्यालयाची यादी वेगळ्या रकान्यांत आलेली.

तालुका असता तर सोपं होतं. फॉर्मवर तालुका असतो. पण मंडळ? मंडळ म्हणजे तलाठी सज्जांच्या वरचा महसुली घटक, ते कुठल्या विद्यार्थ्याला माहीत असणार? म्हणून गावावरून मंडळ शोधायचं. आणि फॉर्मवर गावाचं नाव ‘पिंपळगाव’. मराठवाड्यात पिंपळगावं किती, हे ज्यानं मोजायला घेतलं तो थकला. वडगाव तसंच, खंडाळा तसंच. काहींनी गावाऐवजी पोस्टाचं नाव लिहिलेलं, आणि पोस्ट शेजारच्या मंडळात. काहींचं गाव रेणापूर तालुक्यात, पण पत्ता लातूरच्या खोलीचा. त्याचं घर कुठलं धरायचं? माफी कुटुंबाला पीक बुडालं म्हणून आहे, खोलीला नाही. पण फॉर्मवर तर खोलीच लिहिली आहे.

आमच्या कक्षातल्या तिघांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला होता. शिपाईमामा अंबड तालुक्यातले. त्यांना एवढी गावं तोंडपाठ की कॉम्प्युटरपुढं त्यांनाच बसवलं. मी नाव वाचायचं, मामा सांगायचे, “हे गोदाकाठचं, आपल्यात येतंय. ते नाही, ते घनसावंगीचं.” शासन निर्णयातल्या यादीशी ताडून बघितलं तर मामा क्वचितच चुकले. त्यांच्या त्या तीन आठवड्यांच्या कामाची नोंद कुठंही नाही. हजेरीपत्रकावर ते रोज फक्त ‘हजर’ आहेत.

यादी झाली, मागणी गेली, पैसा आला तरी संपत नाही. लेकरानं दिलेल्या खात्यात पैसा टाकायचा, आणि दहावीत काढलेलं खातं वापराविना निष्क्रिय झालेलं. रक्कम परत येते. परत आलेली रक्कम विद्यापीठाच्या खात्यात स्वतंत्र दाखवायची, त्या मुलाला शोधायचं. तोवर तो पास होऊन चाकण नाहीतर रांजणगावला कंपनीत लागलेला. फोन केला तर म्हणतो, “राहू द्या सर, चारशेच रुपये आहेत.” राहू देता येत नाही. ते चारशे जोवर त्याला जात नाहीत किंवा शासनाला परत जात नाहीत, तोवर दर वर्षीच्या लेखापरीक्षणात उभे राहतात.

लेखापरीक्षण राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षेची माणसं करतात, शिवाय नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाचं पथक येतं. प्रश्न येतो तो कागदाच्या अर्ध्या भागात, उरलेल्या अर्ध्यात आम्ही उत्तर लिहायचं; त्याला अर्धसमास म्हणतात. माझा अनुभव असा की तपासायला येणारी माणसं बहुधा समजूतदार असतात. त्रास होतो तो दहा वर्षांपूर्वीच्या प्रमाणकाचा, म्हणजे व्हाउचरचा, कारण तेव्हाचा लिपिक निवृत्त, त्याची जागा अजून भरलेली नाही, आणि मंजूर पदांच्या आकृतिबंधात ती जागा आहे म्हणून कागदावर आम्ही पुरेसे आहोत. संशोधन प्रकल्पांच्या काही योजनांत संस्थेला वरखर्चासाठी ठरावीक टक्के मिळतात. ते बहुतेक ठिकाणी वीजबिलात, रंगरंगोटीत मुरतात. त्यातून एक माणूस निव्वळ अनुदानांसाठी ठेवावा, असं मी दोनदा टिपणीवर लिहिलं. दोन्ही वेळा शेरा आला, ‘चर्चा करावी’.

मागच्या महिन्यात एक निवृत्त सर आले होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी यूजीसीचा लघु संशोधन प्रकल्प केला होता. काम झालं, अहवाल गेला, शेवटची यूसी राहिली, आणि आता ना-देणे प्रमाणपत्राला तेवढ्यावरून अडलेलं. हातात पिशवी, पिशवीत हैदराबाद बँकेचं पासबुक. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, पण आपल्याकडं जुनी माणसं अजून हैदराबाद बँकच म्हणतात. शाखा बदलली, कोड बदलला, खातं झोपलेलं. बँकेतून उतारा काढला तर आत व्याज धरून २,३१८ रुपये.

“हे बघा,” सर म्हणाले, “बँकेतलं निघेल तेव्हा निघेल. मी आत्ता खिशातून भरतो की हो. पावती द्या आणि मिटवा.” त्यांनी पाचशेच्या पाच नोटा टेबलावर ठेवल्या.

“घेता येत नाहीत, सर.”

“कामून?”

“घेतले तर लिहू कोणत्या शीर्षाखाली? ३१ मध्ये, का ३५ मध्ये?”

सरांनी नोटा परत खिशात घातल्या. मामांनी चहा आणला. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जमाखर्चाची २०१२ ची किर्द शोधायला लागलो.